परवानाधारक, जनसामान्य आणि डहाणूचे दप्तर

अमेरिकेतील टेक्सस राज्याने १९९५ साली कायदा करून नागरिकांना लपवलेले पिस्तूल जवळ बाळगण्याचे परवाने देण्यास मान्यता दिली आणि १९९६ पासून परवाने प्रत्यक्ष दिले जाऊ लागले. तेथील सार्वजनिक सुरक्षा खात्याने तेव्हापासूनच्या वर्षांसाठी एक साधा तक्ता प्रसिद्ध केला. एका रकान्यात गुन्ह्याचे नाव. दुसऱ्यात त्या गुन्ह्याखाली राज्यात शिक्षा झालेल्या प्रौढ व्यक्तींची संख्या. आणि तिसऱ्यात त्यांपैकी पिस्तुलाचा परवाना असलेल्यांची संख्या. तिसऱ्या रकान्यातील आकडे फार लहान असतात. एकूण शिक्षांमधील परवानाधारकांचा वाटा एक टक्क्याच्याही आत राहतो. लोकसंख्येतील त्यांचा वाटा मात्र त्याहून पुष्कळ मोठा असतो. शस्त्रस्वातंत्र्याचे पुरस्कर्ते या तक्त्यावरून एक सरळ अनुमान काढतात : परवानाधारक मनुष्य जनसामान्यांपेक्षा कितीतरी अधिक कायदेशीर वागतो, तेव्हा त्याच्या कमरेच्या पिस्तुलाची समाजाने धास्ती घेण्याचे कारण नाही.

अमेरिकेतील या वादाचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. आम्हांला रस आहे तो तक्त्याच्या रचनेत. ‘परवानाधारक’ आणि ‘जनसामान्य’ हे दोन शब्द जेथे प्रथम वेगळे झाले, ‘गुन्हा’ हा शब्द ज्याच्या हातून लिहिला गेला, त्या ठिकाणी जाऊन हीच तुलना करून पाहिली, तर काय हाती लागते? त्यासाठी आम्ही निवडलेले स्थळ टेक्ससपासून फार दूरचे आहे. ते म्हणजे आज पालघर जिल्ह्यात असलेले आणि १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेले डहाणू व तलासरी हे दोन तालुके. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रदेश गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे ठाऊक आहे. त्या पुस्तकाकडे वाङ्मय म्हणून पाहिले जाते, चळवळीचा दस्तऐवज म्हणूनही पाहिले जाते. येथे आम्ही त्याकडे तिसऱ्या एका दृष्टीने पाहू इच्छितो : सरकारी दप्तरात ज्या गुन्ह्यांची नोंद झाली नाही, त्यांची नोंदवही म्हणून.

प्रथम तक्त्याविषयी थोडे. कोणतेही प्रमाण म्हणजे अंश आणि छेद. टेक्ससच्या तक्त्यात छेद आहे परवानाधारकांची संख्या. परंतु हे परवानाधारक लोकांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेले नाहीत. ज्याच्यावर गंभीर गुन्हा शाबीत झाला आहे त्याला परवाना मिळत नाही. वयाची अट आहे. प्रशिक्षणासाठी वेळ आणि शुल्कासाठी पैसा लागतो. म्हणजे ज्यांच्या हातून गुन्हा घडण्याचा संभव कमी, अशांनाच वेचून एका बाजूला बसवले आणि मग त्यांच्या हातून गुन्हे कमी घडतात असे मोजले. चाळणीतून उतरलेल्या पिठात कोंडा कमी असतो, ही माहिती चाळणीविषयीची असते. पिठाच्या जातीविषयी तीवरून फारसे काही कळत नाही. आणि अंशस्थानी आहेत त्या शिक्षा. घडलेला गुन्हा आणि शाबीत झालेला गुन्हा यांच्यामध्ये फिर्याद, तपास, पुरावा, साक्षीदार, वकील आणि न्यायाधीश एवढे उंबरठे असतात. सर्व माणसे ते सारख्याच सुलभतेने ओलांडत नाहीत.

या विषयावरचे तज्ज्ञांचे वादही याच मुद्द्याभोवती फिरत आले आहेत. अर्थशास्त्रज्ञ जॉन लॉट यांनी १९९८ साली ‘अधिक बंदुका, कमी गुन्हे’ अशा आशयाच्या शीर्षकाचे पुस्तक लिहून परवाने सैल केल्याने गुन्हेगारी घटते असा दावा केला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००४ साली उपलब्ध पुराव्याची छाननी करून असे म्हटले की या कायद्यांनी गुन्हे वाढतात की घटतात हे त्या पुराव्यावरून ठरवता येत नाही. पुढे २०२१ साली टेक्ससने बहुतेक प्रौढांसाठी परवान्याची अटच काढून टाकली. ज्या कागदाच्या आधारे दोन गट वेगळे काढले होते, तो कागद तेथे ऐच्छिक झाला.

या चाळणीचे एक उदाहरण मात्र विसरता येत नाही. जानेवारी १९५६ मध्ये माँटगोमेरी येथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला. त्यानंतर त्यांनी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. त्या वर्षी त्या गावी परवानाधारक आणि जनसामान्य यांच्या गुन्ह्यांचा तक्ता मांडला असता, तर किंग ‘जनसामान्य’ या रकान्यात पडले असते. आणि बसबहिष्काराच्या चळवळीत त्याच वर्षी त्यांना अटक होऊन शिक्षाही झाली असल्यामुळे, शिक्षा झालेल्यांच्या संख्येत त्यांनी एकाची भर घातली असती.

आता आपल्याकडे वळू.

१८७८ हे वर्ष भारतीय कायद्याच्या इतिहासात चमत्कारिक योगायोगाचे आहे. त्या एका वर्षात लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा झाला, वन कायदा झाला, देशी वृत्तपत्रांचा गळा आवळणारा कायदा झाला. आणि मुंबई इलाख्यात अबकारी कायदाही त्याच वर्षी झाला. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांना यांतील वृत्तपत्रांचा कायदा सर्वांत झोंबला आणि तो चार वर्षांत रद्दही झाला. डहाणूच्या जंगलपट्टीतील वारली, कोकणा, धोडिया, दुबळा या लोकांना वृत्तपत्रांशी कर्तव्य नव्हते. त्यांच्या आयुष्यावर उरलेले तीन कायदे आले. सरपणाचे लाकूड तोडणे हा वनगुन्हा झाला. घरची दारू गाळणे हा अबकारी गुन्हा झाला. पुढे १८९२ साली ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी खास कायदा करून मोहाची फुले गोळा करण्यावर व जवळ ठेवण्यावरही निर्बंध आले. आणि शस्त्र कायद्याने ‘शस्त्र’ या शब्दाची जी व्याख्या केली, तीत बंदूक, संगीन, तलवार, खंजीर, भाला यांच्याबरोबर धनुष्यबाण हा शब्दही घातलेला होता. नियमांनी कोठे कोणाला सूट मिळाली हा भाग वेगळा; परंतु वारल्याचा तीर-कामठा कायद्याच्या भाषेत तोफेच्याच यादीत जाऊन बसला.

यातून एक गोष्ट निष्पन्न झाली. जो माणूस रानातले लाकूड, रानातले फूल आणि रानातले हत्यार यांवर जगत होता, तो आपल्या वागण्यात तिळमात्र बदल न करता एका वर्षात तिहेरी गुन्हेगार होण्यास पात्र ठरला. गुन्ह्याचे प्रमाण वाढले; माणूस होता तसाच होता. त्याच्या सात वर्षे आधी, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा झालेला होता. प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला तो कायदा १९११ साली देशभर लागू करण्याची तरतूद झाली. हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. एकाने काही समूहांना जन्मतःच संशयित ठरवले; दुसऱ्याने काही व्यक्तींना, त्यांनी काही सिद्ध करण्यापूर्वीच, विश्वासू ठरवले. शस्त्र कायद्याखालील सूट प्रारंभी युरोपियनांना होती, तशी ती पद आणि प्रतिष्ठा यांच्याशीही जोडलेली होती; आणि इतरांना परवाना मिळणे हे जिल्हाधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. राष्ट्रीय सभेने १८८७ सालच्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला. गांधीजींनीही १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात या निःशस्त्रीकरणाला ब्रिटिश राजवटीचे सर्वांत काळे कृत्य मानले होते. परंतु राष्ट्रीय तक्रारीचा सूर ‘इंग्रजाला बंदूक आणि हिंदी माणसाला नाही’ असा होता. हिंदी माणसांमध्येही कोणाला परवाना आणि कोणाला खटला, हा प्रश्न त्या तक्रारीत फारसा उमटला नाही. तो प्रश्न डहाणूत जाऊनच विचारावा लागतो.

१९३५ च्या कायद्याने डहाणू तालुका आणि उंबरगाव पेटा ‘अंशतः वगळलेल्या’ क्षेत्रात घातला. त्यानंतर १९३७ मध्ये मुंबई सरकारने सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याला अशा क्षेत्रांतील आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यास नेमले. त्याचा अहवाल कोणा चळवळ्याने लिहिलेला नाही. सरकारच्याच माणसाने सरकारसाठी लिहिलेला आहे. त्यात वेठीचे वर्णन आहे : जमीनदाराचे बोलावणे आले की कुळाने आपले काम टाकून जायचे, नाही गेल्यास मार खायचा, प्रसंगी खांबाला बांधून घ्यायचे. त्यात ‘लग्नगडी’ आहे : लग्नासाठी थोडेसे कर्ज काढून त्यापायी बायकोसह मालकाच्या घरी राबणारा आणि बहुधा जन्मभर न सुटणारा माणूस. स्त्रियांवरील अत्याचारांचाही त्यात उल्लेख आहे.

आता हे सारे कायद्याच्या नजरेने पाहू. भारतीय दंडसंहिता १८६० ची. तिच्या ३७४ व्या कलमाने एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदेशीरपणे राबवणे हा एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा ठरवलेला होता. बेकायदेशीर अटकाव, दुखापत, धाकदपटशा, बलात्कार यांची कलमेही तीतच होती. म्हणजे सिमिंग्टन ज्या प्रथेचे वर्णन करीत होता, ती ‘रूढी’ नव्हती. रोज, शेकडो ठिकाणी घडणारा आणि सात दशकांहून अधिक काळ पुस्तकात गुन्हा म्हणून छापलेला असा तो गुन्हा होता. मग गुन्ह्यांच्या तक्त्यात तो कोठे दिसतो? फिर्याद द्यायची तर तालुक्याच्या गावी चालत जायचे; त्या दिवसाची मजुरी आणि खावटी बुडवायची; ज्याच्याविरुद्ध फिर्याद त्याच्याच जमिनीवरच्या झोपडीत रात्री परत यायचे; आणि फौजदार, मामलेदार फिरतीवर आले की उतरणार कोठे, तर बहुधा ज्याचा वाडा मोठा त्याच्याकडे. कागद लिहिणाऱ्याची भाषा वेगळी, लिपी न येणारी, अंगठा मात्र आपला. अशा स्थितीत जमीनदारवर्गाच्या नावावर गुन्हे नसणे हा त्यांच्या सदाचाराचा पुरावा ठरत नाही. तो दप्तराच्या रचनेचा पुरावा आहे.

येथे एक शब्द काटेकोरपणे वापरायला हवा. आम्ही ‘परवानाधारक’ म्हणतो तेव्हा परवान्यास पात्र ठरणारा वर्ग असा अर्थ घ्यावा. ज्याच्या नावावर जमीन, सारा भरल्याच्या पावत्या, अधिकाऱ्यांत ओळख आणि मालमत्तेच्या रक्षणाचे कारण आहे, तोच बंदुकीचा अर्ज करू शकत होता. लग्नगड्याच्या नावावर रक्षण करण्यासारखे काही नव्हते. तो स्वतःच दुसऱ्याच्या मालमत्तेत मोजला जात होता. या वर्गाची बंदूक किती वेळा उडाली हा प्रश्न गौण आहे. ज्याच्या घरी ती आहे हे सर्वांना ठाऊक असते, त्याला ती उडवावी लागत नाही. गुन्ह्याचा तक्ता गोळी मोजू शकतो. ओसरीवर टांगलेल्या बंदुकीखालून मान खाली घालून जाणाऱ्यांची संख्या त्याला मोजता येत नाही.

१९४५ साली ही मान वर झाली. जानेवारीत टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. २३ मे रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद झाली आणि हजारोंच्या साक्षीने वेठ न करण्याचा, लग्नगडी न राहण्याचा निर्धार झाला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की झरीच्या परिषदेने कायदा मोडण्याचा ठराव केलेला नाही. दंडसंहितेचे ३७४ वे कलम पाळले जाईल, एवढेच तिने एका अर्थी ठरवले. श्यामराव आणि गोदावरी परुळेकर हे तिचे पुढारी. गोदावरीबाई कायद्याच्या पदवीधर होत्या, ही बाब चरित्रातील एक तपशील म्हणून सोडून देण्याजोगी नाही. एखादे कृत्य पुस्तकात गुन्हा असूनही नोंदवहीत का येत नाही, हे त्यांना व्यवसायाच्या शिक्षणानेच कळलेले होते.

पावसाळा संपला. गवतकापणीचा हंगाम आला. पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये या मागणीसाठी मजुरांनी काम थांबवले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलासरीजवळ तलवाडा येथे मोठा जमाव जमला. किसान सभेची हकीकत अशी की बाईंच्या नावाने खोटा निरोप पसरवून लोकांना तेथे बोलावण्यात आले, आणि दुसरीकडे वारली चालून येत आहेत अशी वर्दी पोलिसांना देण्यात आली. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मरण पावले. त्यानंतर सभाबंदी आली, खटले आले, पुढाऱ्यांवर हद्दपारीचे हुकूम आले. काँग्रेसचे सरकार आल्यावरही फरक पडला नाही. जानेवारी १९४७ मध्ये पालघर तालुक्यातील नानिवली येथे पुन्हा गोळीबार होऊन पुन्हा माणसे मेली.

या घटना गुन्ह्यांच्या तक्त्यात कशा बसतात? वारली काठ्या-कोयते घेऊन जमले, म्हणजे बेकायदेशीर जमाव : एक गुन्हा, आणि आरोपी जितके सापडतील तितके. संपकऱ्याने दुसऱ्याला कामावर जाऊ दिले नाही : धाकदपटशा. मालकाच्या गवताला हात लावला : चोरी किंवा नुकसान. उलट बाजूला, पाच माणसे मेली तरी खुनाची नोंद शून्य, कारण ती कर्तव्यातील गोळी. येथे टेक्ससच्या तक्त्यात नसलेला एक तिसरा गट पुढे येतो. ज्याला परवाना लागतच नाही, तो गट. शस्त्र कायद्याने सरकारी सेवकाच्या कर्तव्यातील शस्त्राला स्वतःच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. तलवाड्याला परवान्यास पात्र असलेल्या वर्गाला आपली बंदूक उडवावीच लागली नाही. त्याच्या वर्दीवर परवानामुक्त बंदूक उडाली. कागदोपत्री परवानाधारक निष्कलंक राहिला आणि त्या हंगामात डहाणू-उंबरगावच्या जनसामान्यांचे गुन्हेगारीचे प्रमाण मात्र एकदम वर गेले. टेक्ससच्या पद्धतीने तक्ता मांडला, तर १९४५ साली या भागात बंदूकवाला शांतताप्रिय होता आणि कोयतेवाला धोकादायक होता, असाच निष्कर्ष निघेल. आकडे चुकीचे नसतील. अनुमान मात्र संपूर्ण उलटे असेल.

म्हणून ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाकडे वळावे लागते. १९७० साली, म्हणजे घटनांनंतर पंचवीस वर्षांनी ते प्रसिद्ध झाले. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. आपल्या अभ्यासक्रमांत ते बहुधा आत्मचरित्राच्या किंवा अनुभवकथनाच्या खणात घातले जाते आणि मग लेखिकेची शैली, निवेदनातील ‘मी’, मध्यमवर्गीय स्त्रीचे रूपांतर वगैरे मुद्द्यांवर प्रश्नपत्रिका निघतात. ते मुद्दे खोटे नाहीत. परंतु या पुस्तकाचा मोठा भाग एका अर्थी फिर्यादींचा आहे. अमुक पाड्यावर अमुक माणसाला कोणी, कशासाठी, कसे मारले; कर्ज किती, फेड किती, किती वर्षे राबला; बाई कोणाच्या वाड्यावर बोलावली गेली. फिर्यादीला जे तपशील लागतात तेच येथे आहेत. फौजदाराने जे कधी लिहून घेतले नाही, ते एका वकिलीचे शिक्षण घेतलेल्या बाईने पाड्यापाड्यांवर बसून ऐकले आणि पुढे लिहून ठेवले. ज्या अंशाविना आपला तक्ता लंगडा राहतो, तो अंश या पुस्तकात आहे.

अर्थात हे म्हणताना समीक्षकाची सावधगिरी सोडून चालणार नाही. लेखिका तटस्थ नाही. ती लढ्याची पुढारी आहे, तिचा पक्ष आहे, आणि स्मृतीवर पंचवीस वर्षांचा काळ गेलेला आहे. आदिवासी स्त्रियांचा आवाज त्यात कितपत स्वतंत्रपणे ऐकू येतो, चळवळीने वर्गाचा प्रश्न पुढे आणताना स्त्रीचा प्रश्न किती मागे ठेवला, असे प्रश्न पुढील अभ्यासकांनी विचारलेले आहेत आणि ते रास्त आहेत. परंतु पोलीस ठाण्याचे दप्तर तरी तटस्थ कोठे होते? दोन पक्षपाती नोंदवह्या समोर असताना त्यांपैकी एकीला ‘आकडेवारी’ आणि दुसरीला ‘साहित्य’ म्हणणे, हा निवाडा वाचनाआधीच देऊन टाकल्यासारखे होते. सिमिंग्टनचा अहवाल येथे महत्त्वाचा ठरतो तो यामुळेच. चळवळ सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधी, चळवळीशी संबंध नसलेल्या हाताने लिहिलेला तो कागद वेठीच्या आणि मारहाणीच्या मुख्य गोष्टींत गोदावरीबाईंच्या पुस्तकाशी जुळतो.

स्वातंत्र्यानंतर शस्त्राची व्याख्या बदलली. १९५९ च्या शस्त्र कायद्याने घरगुती किंवा शेतीच्या कामासाठीच असलेल्या वस्तू शस्त्रांतून वगळल्या. लाठी आणि साधी हातातली काठी यांचे उदाहरणही कायद्याने दिले. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद केली. आणि चौदाव्या कलमात एक वाक्य घातले, ज्याकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे : अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. कायदे बहुधा जे चालत आले आहे त्यालाच मनाई करतात. मालमत्ता पाहून बंदूक देण्याची रीत किती रुजलेली होती, याची कबुलीच या वाक्यात आहे.

तरीही परवाना हा दर्जाचा दागिना राहिला, हे आपण सर्वजण पाहतो. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारा सहसा कोण असतो, हे सांगायला संशोधन लागत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने बंदुकीने झालेल्या खुनांची परवान्याच्या आणि विनापरवाना शस्त्रांनुसार जी विभागणी वेळोवेळी दिली, तीत विनापरवाना शस्त्रांचा वाटा फार मोठा दिसतो. त्यावरून परवानाधारक सज्जन ठरतो काय? ही विभागणी शस्त्राची आहे, माणसाची नाही. परवान्याची बंदूक घरी ठेवून गावठी कट्टा वापरणारा त्यात विनापरवाना रकान्यात जातो. आणि बंदुकीच्या धाकाखाली लिहून घेतलेले खरेदीखत कोणत्याच रकान्यात जात नाही. दुसऱ्या टोकाचे उदाहरण कर्नाटकातील कोडगूचे आहे. तेथील कोडव समाजाला आणि जम्मा जमिनीच्या धारकांना ब्रिटिश काळापासून काही बंदुकांसाठी परवान्यातून सूट आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ साली ती उचलून धरली. तेथे बंदूक कुलदैवतासारखी पुजली जाते. एका समूहाच्या हातातली बंदूक ‘परंपरा’ होते आणि दुसऱ्याच्या हातातला तीर-कामठा ‘हत्यार’, हा फरक लोखंडाचा नाही.

येथे कोणी म्हणेल की आम्ही निःशस्त्र जनसामान्याला निष्पाप ठरवू पाहत आहोत. तसे करता येणार नाही आणि डहाणूच ते करू देत नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना काठ्या-दगडांनी ठार मारले. भागात चोरांच्या, मुले पळवणाऱ्यांच्या अफवा पसरलेल्या होत्या. ज्या काठीला कायद्याने शेतीची वस्तू म्हटले, तिने तीन निरपराध माणसे मारली, आणि पोलीस तेथे हजर असून त्यांना वाचवू शकले नाहीत. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूरहून मुंबईला येणाऱ्या गाडीत, याच डहाणू-पालघरच्या लोहमार्गावरून ती धावत असताना, रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने सेवेतील बंदुकीने आपला वरिष्ठ आणि तीन प्रवासी यांना ठार केले. पहिली घटना परवाना न लागणाऱ्या काठीची, दुसरी परवाना न लागणाऱ्या सरकारी बंदुकीची. दोन्ही दप्तरात आल्या, देशभर गाजल्या, न्यायालयात गेल्या. आणि तसे होणे योग्यच होते. गुन्हा कोणाच्याही हातून घडू शकतो. प्रश्न असा की तो घडल्यावर सर्वांच्या बाबतीत तो सारख्याच तत्परतेने लिहिला जातो काय. गडचिंचलेत शंभराहून अधिक माणसे पकडली गेली. वेठीच्या शतकभरात, माणसाला खांबाला बांधल्याबद्दल किती मालक पकडले गेले?

या प्रश्नाला भारतीय कायद्याने एक उत्तर दिलेले आहे, आणि ते साहित्याच्या वर्गांत फारसे वाचले जात नाही म्हणून येथे नोंदवतो. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याखालील नियम १९९५ चे. तिसऱ्या नियमात राज्य सरकारने अत्याचार होण्याचा संभव असलेली क्षेत्रे ठरवावीत असे सांगून पुढे काय करावे हे दिले आहे. त्या क्षेत्रांत जे अनुसूचित जाती-जमातींचे नाहीत अशांचे, तसेच त्यांचे जवळचे नातलग, नोकर आणि स्नेही यांचे शस्त्रपरवाने, गरज वाटल्यास, रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. बेकायदेशीर बंदुका जप्त कराव्यात. आणि जीवित-मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शस्त्रपरवाने द्यावेत.

हा नियम टेक्ससच्या तक्त्याशेजारी ठेवून वाचावा. तक्ता म्हणतो, परवाना असणे हे सचोटीचे लक्षण. नियम म्हणतो, काही ठिकाणी परवाना कोणाकडे आहे हेच भयाचे कारण असते. तेव्हा गोळी सुटण्याची आणि खटला शाबीत होण्याची वाट न पाहता तो कोणाकडे असावा याचा फेरविचार करा. १८७८ सालच्या कायद्याने ज्याचा तीर-कामठा यादीत घातला, त्याच्या हाती बंदूक देण्याची शक्यता ११७ वर्षांनी कागदावर आली. हा नियम प्रत्यक्षात किती विरळा वापरला जातो, हे सांगण्याची गरज नाही. आम्हीही वारल्याच्या हाती बंदूक द्यावी असा आग्रह धरीत नाही. झरीच्या परिषदेने जे मिळवले ते बंदुकीविना मिळवले होते.

आमचा आग्रह वाचनाचा आहे. ‘अमुक वर्गात गुन्ह्याचे प्रमाण अमुक’ असे विधान पुढे आले की साहित्याच्या विद्यार्थ्याने ते संख्याशास्त्राचे म्हणून सोडून देऊ नये. ते एक लिहिलेले वाक्य आहे. त्याला लेखक आहे, त्याची भाषा आहे, आणि त्यातून गाळलेला मजकूर आहे. तो गाळलेला मजकूर कधी सिमिंग्टनसारख्या अधिकाऱ्याच्या अहवालात सापडतो, कधी गोदावरीबाईंसारख्या कार्यकर्तीच्या पुस्तकात. तलासरीत आजही दर दहांतील सुमारे नऊ माणसे अनुसूचित जमातींची आहेत. १० ऑक्टोबरला तेथे जेठ्या गांगड आणि त्याच्या सोबत्यांच्या स्मृतीसाठी माणसे जमतात. ज्या पाच मृत्यूंची खून म्हणून कोठेही नोंद नाही, त्यांची नोंद तेथे दरवर्षी तोंडी होत असते.